गुरे, कुरण आणि आभाळ : डच ग्रामचित्र कसे पाहावे

सतराव्या शतकातील डच ग्रामचित्रात सहसा एक सपाट कुरण असते. त्यात चरणारी किंवा रवंथ करीत बसलेली गुरे असतात, जवळपास एखादा गुराखी किंवा धार काढणारी बाई असते, दूरवर चर्चचा मनोरा दिसतो आणि या सगळ्यावर मोठे आभाळ पसरलेले असते. अशा चित्रात देव नसतो, राजा नसतो, लढाई नसते, सांगण्यासारखी गोष्टही नसते. म्हणून पहिल्यांदा पाहणारा ‘छान आहे, अगदी खऱ्यासारखे आहे’ असे म्हणून पुढे जातो. पण ‘खऱ्यासारखे’ वाटावे यासाठी चित्रकाराने काय काय केले आहे हे कळू लागले की हीच चित्रे बराच वेळ धरून ठेवतात. क्षितिज कुठे ठेवले, उजेड कुठून आणला, कोणते जनावर पुढे घेतले, काय गाळले आणि काय स्वतःच्या मनाने घातले, हे ओळखणे म्हणजे या चित्रांचा आस्वाद घेणे. ज्याचे बालपण गुराढोरांत गेले आहे त्या वर्धा जिल्ह्यातल्या वाचकाची या कामी अर्धी तयारी आधीच झालेली असते.

ही चित्रे का निर्माण झाली

सतराव्या शतकाच्या आधी युरोपात निसर्ग बहुधा पार्श्वभूमी म्हणून रंगवला जाई. पुढे संतांची किंवा पुराणातली कथा असे आणि मागे डोंगर, झाडे, नदी. नेदरलँड्समध्ये हे चित्र पालटले, त्याला तीन कारणे झाली.

पहिले कारण धर्माचे आणि राज्याचे. स्पेनच्या राजाविरुद्ध १५६८ मध्ये सुरू झालेला लढा १६४८ च्या तहाने संपला आणि डच प्रजासत्ताकाला मान्यता मिळाली. या देशात प्रॉटेस्टंट पंथाचा वरचष्मा होता. त्यामुळे वेदीमागच्या मोठ्या धार्मिक चित्रांसाठी चर्चकडून मिळणारे काम जवळजवळ थांबले. तोलामोलाचा राजदरबारही नव्हता. चित्रकाराला गिऱ्हाईक शोधावे लागले ते व्यापारी, कारागीर, कारकून अशा शहरी लोकांत. या लोकांना घराच्या भिंतीवर मावेल असे आणि खिशाला परवडेल असे चित्र हवे होते, आणि त्यात ओळखीचा मुलूख दिसायला हवा होता.

दुसरे कारण जमिनीचे. या देशाचा मोठा भाग समुद्रसपाटीच्या आसपास किंवा त्याखाली आहे. बांध घालून, पवनचक्क्यांनी पाणी उपसून तिथल्या लोकांनी तळी कोरडी केली. ॲमस्टरडॅमच्या उत्तरेचे बेमस्टर हे सुमारे सात हजार हेक्टरांचे तळे १६१२ मध्ये अशाच रीतीने कोरडे झाले आणि तिथे शेती व कुरणे उभी राहिली. पाण्यातून अशी कष्टाने मिळवलेली जमीन पाहताना डच माणसाला अभिमान वाटत असे. वरवर साध्या दिसणाऱ्या हिरव्या पट्ट्यामागे ही मेहनत आहे, हे चित्र पाहताना विसरून चालत नाही.

तिसरे कारण गाईचे. धान्य बाल्टिक समुद्राकडच्या प्रदेशांतून जहाजांनी येत होते, त्यामुळे डच शेतकऱ्याला सगळी जमीन धान्याखाली घालण्याची गरज उरली नाही. ओलसर जमिनीत गवत उत्तम येते, म्हणून त्याने दुभती जनावरे वाढवली. लोणी आणि चीज परदेशी जाऊ लागले आणि गाय समृद्धीची खूण ठरली. त्या काळच्या राजकीय चित्रांत तर नेदरलँड्स हा देश दुभत्या गाईच्या रूपात दिसतो आणि शेजारचे राजे तिच्यावर हक्क सांगताना दिसतात. कुरणातल्या प्रत्येक गाईत असा गूढ अर्थ शोधायचे कारण नाही. मात्र पुष्ट गाय पाहून घरमालकाला देशाची सुबत्ता आठवत असणार, एवढे नक्की म्हणता येते.

क्षितिज आणि आभाळ

डच ग्रामचित्रापुढे उभे राहिल्यावर सर्वांत आधी क्षितिजाची रेघ पाहावी. ती बहुधा खाली असते. चित्राच्या उंचीचा तिसरा हिस्सा, कधी त्याहूनही कमी, जमिनीला मिळतो आणि उरलेले सगळे आभाळाचे. याआधीच्या पिढीतले चित्रकार उंच कड्यावर उभे राहून खालचा मुलूख पाहावा तसे क्षितिज वर धरत आणि जग नकाशासारखे उलगडून दाखवत. क्षितिज खाली उतरवताच पाहणारा जमिनीवर आला. आता तो गाईच्या पाठीच्या उंचीवरून कुरण पाहतो.

याकोब फान राउसडाल (सु. १६२८–१६८२) याचे ‘हार्लेमचे दृश्य’ हे याचे उत्तम उदाहरण. हे चित्र १६७० ते १६७५ च्या दरम्यानचे असून हेगच्या मॉरित्सहाउस संग्रहालयात आहे. मापाने ते लहान, जेमतेम ५५ बाय ६२ सेंटिमीटर. पण त्यातला मुलूख कोसभर पसरलेला वाटतो, कारण सुमारे दोन तृतीयांश भाग ढगांनी भरलेला आहे. ढग पांढरे, करडे, कडेला उजळ. त्यांच्या सावल्या खाली जमिनीवर पडलेल्या आहेत आणि त्यामुळे शेताचा एक पट्टा अंधारात तर पुढचा उन्हात दिसतो. नजर या उजेडाच्या पट्ट्यांवर पाय ठेवत मागे मागे जाते आणि क्षितिजावरच्या सेंट बाव्हो चर्चपाशी थांबते. श्रावणात वर्ध्याच्या काळ्या रानावरून ढगांच्या सावल्या सरकताना ज्याने पाहिल्या आहेत त्याला ही युक्ती चटकन ओळखता येईल. सपाट मुलखात खोली दाखवायला डोंगरदऱ्या नसतात, ते काम ऊन-सावलीकडून करून घ्यावे लागते.

याच चित्रात खालच्या बाजूला गवतावर पांढऱ्या लांब पट्ट्या अंथरलेल्या दिसतात. ते जवसाच्या धाग्याचे (लिनन) कापड आहे. हार्लेम शहर कापड शुभ्र करण्यासाठी नावाजलेले होते. कापड क्षारात आणि ताकात भिजवून, धुऊन, उन्हात पसरत. म्हणजे कुरण, गाय, ताक आणि कापड ही एकाच धंद्याची साखळी होती, आणि चित्रकाराने ती कसलाही उल्लेख न करता नुसती समोर मांडली आहे.

थोडक्या रंगांत भरलेली हवा

क्षितिजानंतर रंग पाहावेत. १६३०च्या दशकात यान फान होयेन (१५९६–१६५६) आणि त्याच्या सोबतच्या चित्रकारांनी रंग जाणूनबुजून कमी केले. तपकिरी, पिवळसर, करडा आणि मळकट हिरवा एवढ्यावरच सगळे चित्र उभे करायचे. लाकडी फळीचा मूळ रंगही मधून मधून तसाच डोकावू द्यायचा. ओल्या हवेत दूरच्या वस्तू फिकट दिसतात आणि एकमेकींत मिसळतात, तो परिणाम या थोडक्या रंगांतून साधतो. ही पद्धत भरभर काम करायला सोयीची होती आणि महाग निळा रंगही फारसा लागत नसे, त्यामुळे चित्र स्वस्तात देता येई. फान होयेनच्या नावावर सुमारे बाराशे चित्रे आहेत. इतके काम करूनही तो कर्जात मेला, याचे एक कारण ट्यूलिपच्या कंदांच्या सट्ट्यात त्याने गुंतवलेला पैसा.

जुन्या चित्रातला रंग आज दिसतो तसाच मूळचा होता असे धरून चालू नये. स्माल्ट हा काचेपासून केलेला स्वस्त निळा रंग काळाच्या ओघात करडा पडतो, त्यामुळे आज ढगाळ वाटणारे एखादे आभाळ मुळात निळे असू शकते. हिरवा करण्यासाठी निळ्यात मिसळलेला वनस्पतिजन्य पिवळा उडून जातो आणि झाडांची पाने निळसर दिसू लागतात. वरचे वॉर्निश पिवळे पडले की सकाळची संध्याकाळ होते. संग्रहालयात चित्र स्वच्छ केल्यावर ते एकदम वेगळे भासते, ते यामुळेच.

सोनेरी उजेड

या परंपरेत दोन धारा आहेत. पहिली घरच्या मुलखाची, फान होयेन आणि राउसडाल यांची. दुसरी इटलीहून आलेल्या उजेडाची. यान बोथ, निकोलास बेर्खेम यांच्यासारख्या चित्रकारांनी रोमभोवतीची टेकाडे, पडके अवशेष, खेचरे आणि मेंढपाळ रंगवले आणि सगळ्यावर उतरत्या उन्हाचा पिवळा झोत टाकला. पावसाळी डच गावातल्या गिऱ्हाइकाला हे उबदार ऊन फार आवडले.

डॉर्ड्रेख्टचा आल्बर्ट काउप (१६२०–१६९१) कधी इटलीला गेला नाही. त्याने हा उजेड बोथच्या चित्रांतून उचलला आणि घरच्या नदीकाठावर, घरच्या गाईंवर पाडला. लंडनच्या नॅशनल गॅलरीत त्याचे ‘घोडेस्वार आणि शेतकरी असलेले नदीकाठचे दृश्य’ हे मोठे चित्र आहे. त्यात कलते ऊन जनावरांच्या पाठीला आणि गवताच्या पात्यांना कडेकडेने लागलेले आहे. दूर निळसर डोंगर आहेत, आणि हॉलंडमध्ये असे डोंगर नाहीत. झुडपाआड एक शिकारी पाणबदकांवर नेम धरून बसला आहे. क्षणात बार होईल आणि ही सगळी शांतता मोडेल. वरवर निवांत दिसणाऱ्या चित्रात असा एखादा ताण दडवलेला असतो, म्हणून कडेचे कोपरे कधी सोडू नयेत.

उजेड पाहताना तीन गोष्टी तपासाव्यात. सूर्य कोणत्या बाजूला आहे, सावल्या त्याच्याशी जुळतात का, आणि सर्वांत उजळ जागा कोणती. ती उजळ जागा म्हणजे चित्रकाराला आपण आधी जिथे पाहावे असे वाटते ती जागा.

एक चित्र जवळून : पोटरचा ‘वळू’

पाउलस पोटर याचे ‘वळू’ हे चित्र १६४७ चे. तेव्हा तो अवघा बावीस वर्षांच्या आसपासचा होता. पुढे १६५४ मध्ये, तिशीही न गाठता तो वारला. चित्र २३५ सेंटिमीटर उंच आणि ३३९ सेंटिमीटर रुंद आहे. एवढा मोठा कॅनव्हास त्या काळी राजे, सेनापती आणि धार्मिक प्रसंग यांच्यासाठी राखलेला असे. पोटरने तो एका तरण्या खोंडाला दिला. यातच चित्राचे पहिले धाडस आहे.

चित्रात खोंड उभा आहे. त्याच्यापुढे एक गाय बसली आहे, जवळ मेंढा, मेंढी आणि कोकरू, आणि झाडाला लागून उभा असलेला शेतकरी. एका बाजूला कुरण खूप दूरवर गेले आहे. त्यात बारीक बारीक गुरे चरताहेत आणि क्षितिजावर राइसवाइक गावच्या चर्चचा मनोरा आहे. क्षितिज इतके खाली आहे की खोंडाचे जवळजवळ सगळे अंग आभाळावर उमटते. गाव, माणूस, झाड यांपेक्षा जनावर थोर दिसते ते यामुळे.

मग जवळ जावे. खोंडाच्या कपाळावरचे केस भोवऱ्यासारखे फिरलेले आहेत आणि रंगाचा थर तिथे जाड ठेवून एकेक केस उठवला आहे. अंगावर माश्या बसल्या आहेत. जमिनीवर एक बेडूक आहे, शेणाचा पो आहे. वर आभाळात चंडोल उडतो आहे. यातले काहीही सुंदर करून दाखवलेले नाही आणि काहीही गाळलेले नाही. शेण आणि माश्या यांना मोठ्या चित्रात जागा देणे ही त्या काळातली नवी गोष्ट होती.

तरीही हा खोंड कुठल्या एका गोठ्यातला नाही. जनावरांचे जाणकार सांगतात की त्याच्या शरीराचे वेगवेगळे भाग वेगवेगळ्या वयाच्या जनावरांशी जुळतात. पोटरने अनेक जनावरांची रेखाटने केली आणि त्यांतून एक खोंड जुळवला. कॅनव्हाससुद्धा एकसंध नाही. आधी त्याने खोंडापुरते चित्र घेतले होते, नंतर दोन्ही बाजूंना आणि वर पट्ट्या जोडून ते वाढवले आणि शेतकरी, मेंढरे, झाड यांना जागा केली. डोळ्यांना पटणारे सत्य असे जुळवून आणलेले असते.

हे चित्र १७९५ मध्ये फ्रेंच सैन्याने पॅरिसला नेले आणि लूव्रमध्ये लावले. नेपोलियनच्या पराभवानंतर १८१५ मध्ये ते परत आले. आज ते मॉरित्सहाउसमध्ये आहे.

पाहून काढलेले, पण खोलीत रंगवलेले

ही चित्रे उघड्या रानात बसून रंगवलेली नाहीत. तयार तैलरंगाच्या नळ्या १८४१ मध्ये निघाल्या. त्याआधी रंग खलून, तेलात घोटून घ्यावे लागत. चित्रकार वही घेऊन रानात जाई, खडूने किंवा शाईने रेखाटने करी आणि घरी येऊन त्यांतून चित्र रचत असे. म्हणून एकाच चित्रात एका गावचे झाड, दुसऱ्या गावचा मनोरा आणि तिसरीकडच्या गाई सुखाने एकत्र नांदतात. कामाची वाटणीही होत असे. माणसे आणि जनावरे काढण्यात आद्रियान फान द फेल्दे याचा हात बसलेला होता. राउसडाल आणि होबेमा यांच्या काही निसर्गचित्रांत माणसे-गुरे त्याने घातलेली आहेत.

यावरून आस्वादाचा एक नियम निघतो. ‘हे ठिकाण नेमके कुठले’ या प्रश्नावर फार अडू नये. ‘हे इथे का ठेवले’ हा प्रश्न अधिक फळ देतो.

वर्ध्याची नजर

वर्धा जिल्हा गवळाऊ जातीच्या गुरांचा मुलूख आहे. आर्वी, आष्टी, कारंजा या भागांत ही जात जोपासली गेली. पांढरा ते करडा रंग, लांबट अरुंद तोंड, आखूड शिंगे, हलके आणि चपळ अंग ही तिची लक्षणे. गाईच्या संवर्धनासाठी जमनालाल बजाज यांनी १९४१ मध्ये गोसेवा संघाचे काम उभे केले तेही वर्ध्यातच. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी विदर्भात मुलांचा तान्हा पोळा भरतो आणि त्यात लाकडी बैल सजवून आणतात. जिल्ह्यातल्या सिंदी (रेल्वे) गावचा तान्हा पोळा मोठमोठ्या लाकडी बैलांसाठी प्रसिद्ध आहे. बैलाची प्रतिमा घडवावी, तिला सजवावे, तिच्याकडे कौतुकाने पाहावे, ही रीत इथे मुरलेली आहे.

अशा नजरेला डच चित्रातले फरक लगेच जाणवतात. तिथल्या गुरांना वशिंड नाही आणि गळकंबळ फारसे लोंबत नाही. पाठ सरळ फळीसारखी आहे. ओढकाम बहुतेक घोड्यांकडे असल्यामुळे जू घेतलेला बैल क्वचित दिसतो, पुढे असते ती भरल्या कासेची गाय. हिवाळ्यात गुरे गोठ्यात बांधत, म्हणून चित्रातले कुरण बहुधा उन्हाळ्यातले असते. गुराखी आहे, पण तो हाकत नाही, नुसता टेकून उभा आहे, कारण कुरणाच्या कडेने पाण्याचे चर आहेत आणि गुरे त्यापलीकडे जात नाहीत.

दुसरा फरक भावाचा. भारतीय चित्रपरंपरेत गाय सहसा कृष्णाबरोबर येते. नाथद्वाऱ्याच्या पिछवाईत सगळ्या गाई माना वर करून त्याच्याकडे पाहतात, त्यांच्या अंगावर हातांचे ठसे आणि गळ्यांत घंटा असतात. तिथे गाय भक्त आहे. डच चित्रातली गाय कोणाकडे पाहत नाही. ती चरते, रवंथ करते, पाण्यात उभी राहते. चित्रकाराने तिला कोणाच्या कथेतले पात्र केलेले नाही, तिचे नुसते असणे त्याला पुरेसे वाटले. दोन्ही परंपरांत गाईबद्दल आदर आहे. एक तो पूजेतून दाखवते, दुसरी निरखून पाहण्यातून.

महाराष्ट्रापर्यंतची वाट

डच निसर्गचित्रे अठराव्या शतकात इंग्लंडमधल्या संग्राहकांनी मोठ्या प्रमाणावर विकत घेतली. इंग्रज चित्रकार जॉन कॉन्स्टेबलने राउसडालच्या चित्रांच्या नकला करून आभाळाचा अभ्यास केला. ब्रिटिशांची ही निसर्गचित्रणाची रीत मुंबईत १८५७ मध्ये सुरू झालेल्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून महाराष्ट्रात आली. तिथे शिकलेल्या कोल्हापूरच्या आबालाल रहिमान यांनी कोटितीर्थ तळ्याच्या परिसराची चित्रे काढली. पाणी, झाडी, हवेतला ओलावा आणि दिवसाचा नेमका प्रहर टिपण्याचा त्यांचा ध्यास होता. आबालालांनी डच चित्रांची नक्कल केली असे यातून म्हणायचे नाही. आपल्या दारातला साधा मुलूख हाच चित्राचा विषय होऊ शकतो, हा विश्वास मात्र या वाटेने इथवर पोहोचला.

पाहण्याचा क्रम

मूळ डच चित्रे वर्ध्यापासून दूर असली तरी ती पाहण्याची सोय आहे. ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमने आपल्या संग्रहातल्या जुन्या चित्रांच्या अतिशय स्पष्ट प्रतिमा इंटरनेटवर मोफत खुल्या केल्या आहेत. मोबाइलवर त्या मोठ्या करत गेले की कुंचल्याचा एकेक फटकारा दिसतो. जुन्या युरोपीय तैलचित्राचा पोत, तडे आणि चकाकी प्रत्यक्ष पाहायची असेल तर मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात सर रतन टाटा आणि सर दोराबजी टाटा यांच्या संग्रहातून आलेली युरोपीय चित्रे आहेत.

चित्र समोर आले की आधी त्याचे माप पाहावे, कारण पडद्यावर पोटरचा वळू आणि राउसडालचे हार्लेम सारखेच दिसतात. मग थोडे लांबून क्षितिजाची उंची आणि अंधार-उजेडाची वाटणी पाहावी. त्यानंतर उजेडाची दिशा शोधून सर्वांत उजळ जागेवर यावे आणि तिथून नजर कोणत्या वाटेने मागे जाते ते तपासावे. वाट, नदी, बांध किंवा गुरांची रांग यांपैकी काहीतरी तिला मागे नेते. होबेमाच्या १६८९ मधल्या ‘मिडलहार्निसचा रस्ता’ या चित्रात दोन ओळींत लावलेल्या उंच झाडांमधला सरळ रस्ता हे काम करतो. मग जनावरांकडे वळावे. त्यांची जात, वय, अंगाची ठेवण, बसण्याची-उभे राहण्याची ढब पारखावी. त्यानंतर माणसे कोणते काम करतात ते पाहावे. कोपऱ्यांतले पक्षी, बेडूक, शिकारी शेवटी शोधावेत. सगळे पाहून झाल्यावर पुन्हा मागे सरून पूर्ण चित्र एकदा नजरेखालून घालावे. पहिल्यांदा ज्या गोष्टी ओघात आल्यासारख्या वाटल्या होत्या, त्यांतली प्रत्येक कोणीतरी विचार करून तिथे ठेवली आहे हे आता कळते. हा क्रम दोन-चार चित्रांवर हात बसेपर्यंत वापरला की पुढे तो आठवावा लागत नाही, आणि मग डच असो वा मराठी, कोणतेही निसर्गचित्र त्याने पाहता येते.